सारखी लाइट जाणारी मालिका

पडद्यावरची दोन माणसं एकमेकांच्या फार जवळ यायला लागली की या घरात प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं. नवऱ्याला तहान लागायची. सासऱ्यांना खोकल्याची उबळ यायची. सुनेला गॅस बंद केलाय की नाही अशी शंका यायची, आणि गॅस तर तासाभरापूर्वीच बंद झालेला असायचा. ओठ सुटे झाले, कपडे अंगावर परतले, की मंडळी पुन्हा आपापल्या जागी येऊन बसत. मध्ये काय घडलं ते न बघताही सगळ्यांना नीट कळलेलं असे. यावर घरात कधी कुणी बोललं नव्हतं आणि बोलायची गरजही पडली नव्हती.

मग सासऱ्यांची नजर गेली. आधी एक डोळा, पाठोपाठ दुसरा. सासरे फुटबॉलचे पंच होते, त्यामुळे घराबाहेर सगळे त्यांना पंचच म्हणत. ‘आयुष्यभर लोक मैदानाबाहेरून ओरडायचे की पंच आंधळा आहे, शेवटी म्हटलं असू दे तुमच्या मनासारखं,’ असं ते स्वतःच सांगत, आणि समोरच्याला हसावं की गंभीर व्हावं ते कळत नसे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बेकरीत पहाटेपासून राबणारा. त्यामुळे टीव्हीसमोर त्यांच्या शेजारी बसून काय चाललंय ते सांगायचं काम आपसूक सुनेकडे आलं.

सांगायची तिला हातोटी होती. दार उघडलं, त्यानं चिठ्ठी खिशात टाकली, हिनं बघितलं पण बघितलं नाही असं दाखवलं, हे सगळं ती दोन संवादांच्या मधल्या फटीत इतक्या सफाईनं बसवायची की पंच तिच्याआधी चोर ओळखत. अडचण फक्त जुन्या एका जागेची होती. ती जागा आली की आता कुणाला उठावं लागत नव्हतं. सून म्हणायची, “ते दोघं बोलताहेत.”

“मग ऐकू का येत नाही?”

“हळू बोलताहेत, बाबा.”

पंच ‘बरं’ म्हणत आणि हळू बोलणाऱ्या माणसांचं बोलणं संपायची वाट बघत.

पुढे याच हातोटीवर तिला नोकरी लागली. गाद्यांच्या दुकानाच्या वर एक छोटा स्टुडिओ होता. तिथे दृष्टी नसलेल्या प्रेक्षकांसाठी मालिकांना दृश्यवर्णनाची जोड देत, म्हणजे पडद्यावर जे नुसतं दिसतं ते मधल्या शांततेत एक आवाज सांगतो, ते काम. लिहायची तीच आणि माइकसमोर वाचायचीही तीच. दुकानदारानं खपत नसलेल्या गाद्या वर देऊन टाकल्या होत्या, त्या भिंतींना लावून स्टुडिओवाल्या मॅडमनी आवाज बाहेर जायची सोय बंद केली होती. यंत्रांपुढे बसणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. त्याला डास कुठल्या भिंतीवर बसलाय तेही ऐकू यायचं, अशी त्याची ख्याती होती आणि ती त्यानंच पसरवली होती.

या स्टुडिओची एक रीत होती. वर्णन जमलंय की नाही, हे ठरवायला एक न दिसणारा श्रोता ठेवत. रहस्यमालिका असली तर शेवटचा भाग कुणालाच दाखवत नसत. आधी सगळ्यांना एका खोलीत बसवायचं आणि विचारायचं, गुन्हेगार कोण? पहिलं उत्तर श्रोत्यानं द्यायचं, मग बघणाऱ्यांनी. दोन्ही उत्तरं जुळली की वर्णन पास. बघणाऱ्यांना कळलं आणि श्रोत्याला नाही, तर कुठेतरी माशी शिंकली आहे. आधीचे श्रोते मुलीकडे राहायला गेले तेव्हा सुनेनं मोठ्या उत्साहानं सासऱ्यांचं नाव सुचवलं.

आणि पंचांचा कायापालट झाला. नजर गेल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे, जेवायला हाक मारली की उठायचे. आता ते सुनेच्या आधी तयार होऊन दाराशी उभे राहू लागले. पक्ष्यांवरच्या मालिकेत त्यांनी तिच्या चुका काढल्या. जहाजांवरच्या मालिकेत तर कप्तान दार लावतो असं तिनं लिहिलं होतं, ते दार नसून झाकण आहे हे त्यांनी आवाजावरून सांगितलं, आणि तिनं पुन्हा बघितलं तर झाकणच होतं. संध्याकाळी मुलाला ते आज ‘आमच्या ऑफिसात’ काय झालं ते सांगत. हे काम गेलं तर बाबा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील आणि या वेळी उठणार नाहीत, अशी धास्ती नवरा-बायको दोघांनाही होती. दोघं ती एकमेकांना बोलून दाखवत नव्हते इतकंच.

अशात ती मालिका आली.

एक आर्किटेक्ट, त्याची बायको, आणि तिला पियानो शिकवायला येणारे मास्तर. बायकोचं मास्तरांशी जुळलेलं. कुणीतरी या दोघांचे चोरून फोटो काढतंय आणि ते दाखवून मास्तरांकडून पैसे उकळतंय. समोरच्या इमारतीत एक म्हातारा दुर्बीण घेऊन बसलेला असतो. पाचव्या भागात मास्तर जिन्याखाली मरून पडलेले सापडतात. गोष्ट झकास होती. पण पियानोचा धडा प्रत्येक भागात पलंगावर संपायचा, आणि दिग्दर्शकाला कशाची घाई म्हणून नव्हती. मॅडमनी काम हातात देताना नुसतं एवढंच म्हटलं, की जरा मोकळीढाकळी आहे, बघून घ्या.

सुनेनं बघून घेतलं, म्हणजे अर्धं बघितलं. मोकळं व्हायला लागलं की तिची नजर आपोआप की-बोर्डवर जायची, आणि शांत झालं असं वाटलं की ती वर बघायची. तरीही तिनं प्रामाणिकपणे लिहायला घेतलं. मग शब्दांपाशी गाडी अडली. आपल्या भाषेत त्या कामाचे शब्द तीन प्रकारचे, डॉक्टरांचे, कवींचे आणि भिंतीवर लिहिलेले. डॉक्टरांचे वापरले तर मास्तर तपासणी करताहेत असं वाटत होतं. कवींचे वापरले तर हसू येत होतं. तिसरे तर लिहितानाही तिनं आजूबाजूला बघितलं. तेही जमवलं असतं तिनं, परक्या माणसासाठी. पण हेडफोन लावून, ताठ बसून, मन लावून ऐकणारा माणूस घरी तिच्या हातचा चहा पिणार होता.

तिनं लिहिलं, ‘ती दिवा मालवते.’

काचेपलीकडे कानसेननं मान वर केली. दिवा तर चालूच आहे, असं त्यानं सांगून बघितलं. तुम्ही आवाजाचं बघा, असं तिनं त्याला सुनावलं, आणि त्यानं आवाजाचं बघितलं. पुढच्या भागात पुन्हा तीच वेळ आली तेव्हा तिनं लिहिलं, ‘खोलीत अंधार होतो.’ तिसऱ्यात, ‘लाइट जाते.’ एकदा सवय लागल्यावर काही जड गेलं नाही. मॅडम वर्णनाची फक्त लांबी तपासायच्या, ती बरोबर भरत होती.

चौथ्या भागानंतर पंच घरी चहा पिता पिता म्हणाले की त्या आर्किटेक्टच्या घरी लाइट फार जाते. सुनेला ठसका लागला. एवढी मोठमोठी घरं बांधणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरचं वायरिंग नीट करून घेता येत नाही म्हणजे कमाल आहे, असं म्हणून पंचांनी विषय सोडला. म्हणजे सोडला असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना मुलाशी बोलताना ऐकलं. घराच्या बाहेर उभं राहून एका खोलीपुरती वीज तोडता येते का, असं ते त्याला बारकाईनं विचारत होते. बेकरीवाल्याला काय ठाऊक? तो म्हणाला, येत असेल. पंचांनी समाधानानं मान हलवली.

सुनेनं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं आणि कुठल्या शब्दांत? मुळात तेच शब्द नव्हते म्हणून तर हे सगळं झालं होतं.

उत्तरांचा दिवस उजाडला. खोलीत मॅडम होत्या, कानसेन होता, आणि बघणाऱ्यांतला एक म्हणून खालचा गादीवाला होता. एरवी तो पहिल्या भागातच घोरायला लागायचा. ही मालिका मात्र त्यानं डोळ्यांत तेल घालून बघितली होती. मॅडमनी रीतीप्रमाणे पहिला मान पंचांना दिला.

पंच उभे राहिले. आवाज साफ केला.

“वायरमन.”

खोलीत कुणी हललं नाही. पंचांना ती दाद वाटली. त्यांनी मुद्देसूद मांडायला घेतलं. दुसऱ्या भागात लिफ्ट दुरुस्त करायला एक वायरमन येतो, अर्धा मिनिटच येतो, म्हणजे मुद्दाम लपवलेला आहे. दर वेळी मास्तर आणि बाई एकत्र आले की आधी एक खटका ऐकू येतो आणि मग लाइट जाते. खटका कसला? बटणाचा. अंधार कुणाच्या फायद्याचा? फोटोवाल्याच्या नाही, त्याला उजेड लागतो. मास्तर पडले तोही जिना अंधारातच असणार. माणूस बाईवर भाळलेला आहे आणि तिच्या घराची वीज त्याच्या हातात आहे. बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता, मैदानात निकाल देताना उजळायचा तसा.

गादीवाला फिसकन हसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला आवरलं नाही. “अहो पंचसाहेब, बायकोच की ती. दर वेळी स्वतःच्या हातानं पडदे उघडते आणि मग सुरू होते. लाइट कुठे गेली? लख्ख उजेडात चाललंय सगळं.”

“कुठले पडदे?” पंचांनी विचारलं.

कानसेननं आपल्या नखांकडे बघायला सुरुवात केली. मॅडमनी सुनेकडे नाही, पंचांकडे बघितलं, कारण सुनेनं पडद्यावरचं काही गाळलंय असं आजवर कधी झालं नव्हतं. मग त्या फार मऊ आवाजात बोलल्या, आणि तो मऊ आवाजच वाईट होता. रहस्यमालिका तशा अवघडच असतात, एवढं सगळं लक्षात ठेवायचं म्हणजे ताण पडतो, यापुढे या कामाला एखादा तरुण श्रोता बघू आणि पक्षी वगैरे पुन्हा कधी आले तर पंचांना नक्की बोलावू.

पंच खाली बसले. “माझंच लक्ष नसेल,” ते सुनेच्या दिशेनं म्हणाले. “मधे डुलकी लागली असेल. वय झालं. तू सांगितलं असशील पडद्यांचं.”

सुनेला वाटलं, भिंतीवरच्या गाद्यांनी आपल्याला आत ओढून घ्यावं. तिनं गेल्या काही दिवसांत बरीच खोटी वाक्यं लिहिली होती, पण एवढं मोठं खोटं कुणी तिच्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या तोंडानं बोलेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“नाही सांगितलं, बाबा,” ती म्हणाली. “तुम्हाला डुलकी लागली नव्हती. मी पडद्यांचं लिहिलंच नाही. लाइट एकदाही गेलेली नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

गादीवाल्याला खाली गिऱ्हाईक आल्यासारखं वाटलं आणि तो गेला. मॅडमनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पंचांनी हात वर केला. त्या हातापुढे कधीकाळी बावीस दांडगे गडी गप्प होत. मॅडम तर एकट्याच होत्या.

“मला मैदानात सगळ्यांत जास्त राग कुणाचा यायचा सांगू?” पंच म्हणाले. “पायात पाय घालणाऱ्याचा नाही. रेषेवर झेंडा घेऊन उभं राहणाऱ्याचा. त्याला दिसलेलं असायचं आणि तो झेंडा वर करायचा नाही.”

“मला लाज वाटली, बाबा. तुमच्यासमोर ते सगळं...”

“मग वाटू दे की. लाज तुला वाटत होती, तर दिवा माझा का घालवलास? आणि तुझा नवरा काय मला मैदानात सापडला होता?”

कानसेन खोकला. सुनेला रडू येत होतं आणि त्यातच हसूही फुटलं, त्यामुळे दोन्ही धड झालं नाही. तिनं मॅडमना सांगितलं, श्रोत्याची काही चूक नाही, सगळे भाग मी आत्ता नव्यानं करते, आणि ते ऐकायला बाबाच बसतील. दुसरा श्रोता आणायचा असेल तर लिहिणारीही दुसरी आणा. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग पंचांकडे, आणि कानसेनला यंत्रं चालू करायला सांगितलं.

ती काचेच्या खोलीत गेली. पडद्यावर मास्तर आले, पियानोचं झाकण मिटलं. या वेळी तिनं की-बोर्डकडे बघितलं नाही. ती म्हणाली, बाई खिडकीपाशी जाते आणि पडदे पूर्ण उघडते. तो तिच्या शर्टाची बटणं काढतो. मग तिनं एक मोठा श्वास घेतला आणि ‘त्यांचे देह’ म्हणाली, तोच पंचांचा हात वर झाला.

“देह म्हणू नकोस. मास्तर पाचव्या भागात मरतो, अजून अवकाश आहे.”

“मग काय म्हणू?”

“अंग म्हण. माणसांना अंग असतं.”

तिनं अंग म्हटलं. पाठ म्हटलं, मांड्या म्हटलं, कुणाचा हात कुठे आहे आणि कोण कुणाच्या वर आहे तेही सांगितलं. आश्चर्य म्हणजे यातला एकही शब्द डॉक्टरांचा नव्हता, कवींचा नव्हता आणि भिंतीवरचाही नव्हता. तिचे कान तापून लाल झाले होते. पंच मात्र पेनल्टीच्या वेळी उभे राहत तसे निर्विकार बसले होते. कपाळाला आठी होती ती लक्षपूर्वक ऐकण्याची. तेवढ्यात तो खटका आला आणि पंच खुर्चीत पुढे सरकले.

“थांब. हा खटका होताना ती कुठे बघतेय?”

सुनेनं दृश्य मागे घेतलं. मास्तरांच्या उघड्या खांद्यावरून बाईचा चेहरा दिसत होता. हा चेहरा तिनं याआधी बघितलाच नव्हता. कानसेननंही बघितला नव्हता. गादीवाल्यानं डोळ्यांत तेल घातलं होतं खरं, पण ते चेहऱ्यासाठी नव्हे.

“खिडकीकडे नाही,” ती हळूहळू म्हणाली. “तिच्या समोर आरसा आहे. ती आरशाकडे बघतेय. पण स्वतःकडे बघतो ना माणूस, तशी नाही. दुसऱ्या कुणाकडे तरी बघितल्यासारखी.”

“प्रत्येक वेळी?”

त्यांनी सगळे भाग काढून बघितले. प्रत्येक वेळी. पंच खुर्चीत मागे टेकले.

“तरीच. हा खटका रस्त्यापलीकडून येत नाही, खोलीतूनच येतो, एवढं मला पहिल्यापासून कळत होतं. मी त्याला दिव्याचं बटण समजलो, कारण लगेच तू दिवा घालवायचीस. तो कॅमेरा आहे. आरशामागे नवरा उभा आहे, आणि तिला ते ठाऊक आहे. पडदे उघडते ते लोकांनी समोरच्या म्हाताऱ्यावर संशय घ्यावा म्हणून. दोघं मिळून करताहेत. मास्तरांना ते कळलं, म्हणून मास्तर जिन्याखाली.”

मॅडमनी आता शेवटचा भाग लावला. त्या आणि कानसेन उभ्यानंच बघू लागले. सून पंचांच्या कानाशी बसून सांगत होती. शेवटी आर्किटेक्ट आरसा बाजूला सरकवून आतून बाहेर आला तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. पंचांनी तिला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, की आला का? आला, ती म्हणाली. पुढची मालिका कुठली आहे, कधी यायचं, हे मॅडमनी पंचांना विचारलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा खरखरीत होता. सुनेचा जीव भांड्यात पडला.

बसच्या थांब्यावर दुपारचं ऊन होतं आणि दुसरं कुणी नव्हतं. पंच बाकावर बसले. सून बाजूला उभी राहिली.

“आता माझं सांग,” पंच म्हणाले. “आत सांगत होतीस तसं. काही गाळायचं नाही.”

तिनं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचा विचार केला आणि तो सोडून दिला. तिनं त्यांच्याकडे बघितलं. खूप दिवसांनी असं सरळ बघितलं.

“एक उंच माणूस बाकावर बसलाय,” ती म्हणाली. “ताठ बसलाय. मी उजवीकडे उभी आहे आणि तो डावीकडे बघून बोलतोय. गेल्या वर्षापेक्षा खूप बारीक झालाय, कॉलर मानेभोवती सैल पडते. दाढी केलीये, पण हनुवटीखाली एक पट्टा राहून गेलाय.”

“आजच?”

“रोजच राहतो.”

“आणि रोज मी विचारतो तेव्हा तू काय सांगतेस?”

“छान झाली म्हणून सांगते.”

पंचांनी हनुवटीखाली बोट फिरवलं. पट्टा सापडला. ते त्याच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले.

“पुढे,” ते म्हणाले.

“म्हातारा झालाय. या एका वर्षात झालाय.”

“हं. हसतोय का?”

तिनं नीट बघितलं.

“नाही,” ती म्हणाली. “अजून नाही.”

तेव्हा पंच हसले, आणि तिनं तेही सांगितलं.